चाकाचा पदर

सिल्वासाला निघालोय असं सांगितलं की आमच्या नाशिकमध्ये लोक एक डोळा बारीक करतात. "मजा आहे बुवा तुमची," म्हणतात. समोरच्या घरातल्या काकांनी तर आमच्या यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, येताना गाडीत जागा असेल का म्हणून. तिकडे बाटली स्वस्त मिळते, एवढीच त्या गावाची ख्याती आमच्या गल्लीपर्यंत पोचलेली. मी म्हटलं, "जागा आहे की. जाताना जळकं रबर नेतोय, येताना काय आणायचं ते अजून ठरायचंय." काकांनी पुन्हा विषय काढला नाही.

जळक्या रबराचं खरंच होतं. आमच्याकडे एक फोर बाय फोर जीप आहे. यांनी निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने घेतली, डोंगरदऱ्या पालथ्या घालायच्या म्हणून, आणि वर्षाच्या आत गुडघ्यांनी संप पुकारला. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि हे शेजारी बसून सूचना देतात. त्यातल्या निम्म्या मी ऐकते, असं त्यांना वाटतं. या गाडीच्या चाकांमागे चिखल उडू नये म्हणून रबरी पट्ट्या लोंबत असतात. मेकॅनिक त्याला मडफ्लॅप म्हणतो, हे म्हणतात चाकाचा पदर. तर मागच्या डाव्या चाकाचा पदर या उन्हाळ्यात भाजलेल्या पापडासारखा वळून वर आला.

हे पदर केले होते माझ्या भाच्याने, अमेयने. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, इंजिनियर, सिल्वासाच्या एका कारखान्यात चांगला मॅनेजर होता. नोकरी सोडून त्याने सिल्वासाजवळच्या सायली गावात एक शेड भाड्याने घेतली आणि तिथे मडफ्लॅप बनवायला लागला. पहिल्या मालातली एक जोडी त्याने दिवाळीत आमच्या जीपला कौतुकाने बसवून दिली. म्हणून मी गमतीने फोन केला, "अरे, तुझ्या पदराने पेट घेतला की रे." तो हसला नाही. मग म्हणाला, "मावशी, तुझापण?"

तेव्हा सगळं कळलं. त्याचा माल एकच व्यापारी घेतो, आणि गेले दोन महिने तोच माल वळून, वाकून परत येतोय. व्यापारी म्हणाला होता, रविवारी येतो, पक्की पट्टी दाखवा, नाहीतर माझ्याकडून बंद. तिकडे पुण्याहून जुन्या साहेबांनी नोकरीसाठी बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. "रविवारी पट्टी टिकली नाही तर शेडला कुलूप, मावशी," अमेय म्हणाला. "तू गाडी घेऊन ये. मला माझी पट्टी पूर्ण उन्हाळा सोसलेल्या गाडीवर बघायची आहे."

निघायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन. "त्याला समजव. पुण्याला जा म्हणावं. तुझं ऐकतो तो." मी हं म्हटलं. ताईशी वाद घालायची माझी आजवर हिंमत झालेली नाही.

खानवेलच्या वाटेवर

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत आम्ही खानवेलकडे उतरलो. मे महिना. डोंगर सगळे तांबूस पडलेले, साग नुसते काड्यांचे, पण मधेच एखादा आंबा असा गच्च हिरवा की गाडी आपोआप त्याच्या सावलीत थांबते. रस्त्याच्या कडेला एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. आमच्याकडे ताडगोळे मुंबईवरून प्लास्टिकच्या पिशवीत येतात, दमलेले. इथे तिने कोयत्याच्या टोकाने एक डोळा उघडला आणि अख्खा गर अंगठ्याने असा काढून दिला की तोंडात पाण्याची पिशवी फुटावी. यांनी तो शर्टावर फोडला. शर्ट पांढरा, पाहुण्यांकडे जायचा म्हणून इस्त्री केलेला. बाई इतकी हसली की तिने दोन ताडगोळे वर दिले.

पुढच्या चढावर डाव्या बाजूने खर्रर्र खर्रर्र आवाज यायला लागला. उतरून बघते तर वळलेला पदर चाकाला घासतोय. यांनी खाली न वाकताच निदान केलं, "बेअरिंग." मी डिकीतली आंब्याच्या पेटीची सुतळी काढली, पट्टी ओढून बाजूला घेतली आणि गाठ मारून टाकली. साडी नेसून चुलीपाशी उभं राहिल्यावर बाई काय करते? पदर खोचते. तेच केलं. आवाज गेला आणि यांनी बेअरिंगचा विषय बदलून हवेचा काढला.

सिल्वासा

अमेयला शेडवरून सुटायला उशीर होता, म्हणून जेवण आम्ही बाहेरच उरकायचं ठरवलं. बाजारात एक थाळीचं हॉटेल दिसलं, खाली दालन, वर दालन. दारातच वेटर उभा. मी म्हटलं, "यांचे गुडघे दुखतात, आम्ही खाली बसतो."

"खाली नथी," तो म्हणाला. "ऊपर जाओ."

"खाली नाही म्हणजे काय? मी खालीच उभी आहे ना?"

"नथी ने खाली, बेन."

मी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. त्याने आत हात फिरवून टेबलं दाखवली, सगळी भरलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचं खाली म्हणजे रिकामं. आपणही म्हणतोच की, टेम्पो खाली केला म्हणून, पण भुकेल्या पोटी ते सुचतंय कुणाला? हे एक एक पायरी चढताना कण्हत होते आणि मी मागून हसत होते, म्हणून ते अर्धं जेवण माझ्याशी बोलले नाहीत. डाळ गोड होती. यांनी ठेचा मागितला तर वेटरने मोठ्या प्रेमाने गुळाचा खडा आणून दिला. ताक मात्र असं, की पेला रिकामा व्हायच्या आत वाढणारा हजर. नाशिकला दुसरा पेला मागायचा तर आधी वेटरची नजर पकडावी लागते.

सायली

या गावात उत्तरेकडून, खानदेशातून, कोकणातून आलेली माणसं एकाच कट्ट्यावर चहा पितात आणि एका वाक्यात तीन भाषा बोलतात. अमेयची शेड दोन मोठ्या कारखान्यांच्या मधे चेपून बसलेली. दारात परत आलेल्या पट्ट्यांचा ढीग, सगळ्या एकाच कोपऱ्यात वळलेल्या. अमेय बारीक झाला होता आणि दाढीही वाढलेली. "ये मावशी," म्हणाला आणि लगेच गाडीखाली शिरला.

त्याच्याबरोबर गुलाबभाऊ होते. अमळनेरकडचे, अमेयच्या जुन्या कारखान्यात फिटर होते, त्याच्याबरोबरच नोकरी सोडून आलेले. उंच, हसरा माणूस, शर्टाच्या खिशात कायम मार्करपेन. "मावशी, तीन मसाले करून झाले," ते म्हणाले. मसाला म्हणजे ज्या मिश्रणातून पट्टी ओततात ते. "आता चौथा केला. हा नाही वितळायचा. वितळला तर मी अमळनेरला जाऊन भरीतच भाजेन."

मी त्यांना सुतळीचा पराक्रम सांगितला. "बांधल्यापासून आणखी वळली नाही रे. घाट उतरून आले तरी तशीच आहे."

"सुतळीने नाही होत गं मावशी," अमेय म्हणाला. "उष्णतेचा प्रश्न आहे. मसाल्यातच उत्तर आहे."

शिकलेल्या भाच्याला काय बोलणार? मी सुतळीची गाठ सोडून दिली. जुनी पट्टी सोडली आणि चौथ्या मसाल्याची नवी बसवली. गुलाबभाऊंनी साचा लावून भोकं पाडली, स्क्रू आवळले, वर हात पुसून पट्टीला थोपटलं.

दुधनी

शनिवारी सकाळी परीक्षा. अमेय पुढे माझ्या शेजारी, हे मागे, गुलाबभाऊ त्यांच्याबरोबर, आणि गाडीत वजन पाहिजे म्हणून वाळूची पोती. खानवेलपासून पुढे रस्ता सारखा चढतो, वळतो, आणि मग एकदम खाली दुधनीचं पाणी दिसतं. धरणाचा फुगवटा आहे तो, पण डोंगरांच्या बेचक्यांतून असा शिरलाय की समुद्राचा एखादा तुकडा वाट चुकून आल्यासारखा वाटतो. काठावर होड्या, झोपडीवजा टपऱ्या, नाचणीची भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा. इथे कोणी सिल्वासाला आलं आणि दुधनीला न जाता परतलं, तर त्याने फक्त बाटलीच पाहिली असं समजा.

आम्ही तो चढ तीनचारदा केला. शेवटी पाण्याकाठी गाडी लावली. अमेय उतरला, मागे गेला आणि परत आलाच नाही. मी जाऊन पाहिलं. नवी पट्टी, तोच कोपरा, तशीच वळलेली.

तो दगडावर बसून पाण्याकडे बघत होता. गुलाबभाऊ गाडीला टेकून उभे, भरिताचा विनोद आठवतही नसेल त्यांना. मी अमेयशेजारी बसले. ताईचं सगळं म्हणणं माझ्या जिभेवर तयार होतं. समजव, पुण्याला जा म्हण. हीच वेळ होती.

"मी हो म्हणतो पुण्याला," तो आपणच म्हणाला. "आईपण खूश होईल."

"आणि तू?"

"मला इथे आवडतं मावशी. स्वतःच्या हाताने काढलेली वस्तू रस्त्यावरून जाताना दिसते ना, तेव्हा मी गाडी थांबवून बघत उभा राहतो. वेड्यासारखा."

ताईचे शब्द मी तिथल्या तिथे गिळले आणि म्हटलं, "चल, आधी जेव. उपाशीपोटी कारखाना बंद करू नये." रस्सा झणझणीत होता. यांनी दोनदा मागितला, आणि सगळ्यांचं झाल्यावर अमेयची उरलेली भाकरीही संपवली.

सायली, रविवार

सकाळी मी जाहीर केलं, "कारखाना चालवा नाहीतर बंद करा, मला परत नाशिकला जायचंय. माझी जुनी पट्टी सरळ करून द्या." कोणीतरी हाताला काम दिल्याशिवाय ते दोघं नुसते बसून राहिले असते.

गुलाबभाऊंनी गरम हवेची बंदूक काढली. पट्टी लोखंडी टेबलावर ठेवून वळलेल्या कोपऱ्यावर हळूहळू हवा फिरवली, रबर नरम झालं तशी वर एक जाड पत्रा ठेवला आणि त्याच्यावर वाळूचं पोतं. थंड झाल्यावर पट्टी अगदी सपाट. मी म्हटलं, "वा, इस्त्री छान करता." ते कालपासून पहिल्यांदा हसले. मग ती पट्टी त्यांनी गाडीला बसवायला घेतली.

तेवढ्यात व्यापारी आले. हसमुखभाई. गोलमटोल, पांढरी सफारी, हातात पानाचा डबा. चेहऱ्यावरून भांडायला आल्यासारखे वाटत नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. शांत माणसाने एकदा नाही म्हटलं की ते पक्कं असतं. अमेयने कालची पट्टी त्यांच्या हातात दिली आणि सरळच सांगितलं, "ही पण वळली, शेठ."

हसमुखभाईंनी मान हलवली. "शुं करवानुं," म्हणाले, म्हणजे आता काय करायचं. दुकानात त्यांच्याकडे परत आलेला मालच यायचा, गाडीत बसवलेली पट्टी त्यांनी कधी वाकून पाहिली नव्हती. आता गुलाबभाऊ गाडीपाशी उकिडवे बसलेले बघून तेही, सफारी सांभाळत, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. आणि तसेच राहिले.

"अरे पण खाली केम नथी राख्युं?" खाली का नाही ठेवलं, असं ते विचारत होते.

गुलाबभाऊंनी वर बघितलं. "खालीच ठेवलंय शेठ."

"क्यां खाली छे? में कह्युं हतुं ने पहेलाज दिवशी, सायलेन्सरना पाइप पासे खाली राखजो." पाईपपाशी खाली ठेवा, असं ते पहिल्याच दिवशी सांगून गेले होते म्हणे.

"हो मग. तसंच केलं. भोकं पार वरच्या काठाला पाडली, म्हणजे पट्टी जास्तीत जास्त खाली येईल. एवढी खाली कोणीच ठेवत नाही. साचाच तसा बनवला." त्यांच्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा होता.

"खाली नथी ने!"

"खालीच आहे ना!"

मी बघत होते. शेठजी हवेत दोन्ही पंजे एकमेकांपासून लांब धरून दाखवत होते, मधे मोकळी जागा. गुलाबभाऊ बोट जमिनीकडे रोखून दाखवत होते. आणि मला तो थाळीवाला आठवला.

"थांबा, थांबा," मी म्हटलं. "दोघंही एक मिनिट बोलू नका. हसमुखभाई, तुमचं खाली म्हणजे रिकामं ना? पाईपपाशी जागा मोकळी सोडा?"

"हास्तो. बीजुं शुं?" दुसरं काय असणार, म्हणाले.

"आणि गुलाबभाऊ, तुमचं खाली म्हणजे खाली. जमिनीकडे."

"दुसरं खाली कोणतं असतं?"

मागे खुर्चीवर बसलेले आमचे हे जोरात म्हणाले, "ते वरच्या मजल्यावर असतं. माझ्या गुडघ्यांना विचारा." आणि हसत सुटले.

अमेय गाडीखाली घुसला. पाईपचं तोंड बघितलं, पट्टीचा कोपरा बघितला. जास्तीत जास्त खाली आणलेली ती पट्टी बरोबर पाईपच्या तोंडासमोर लोंबत होती. गरम हवा थेट तिच्यावर. मी म्हटलं, "चुलीपुढे पदर सोडून उभी आहे ती. मी सुतळीने खोचला होता तेव्हा नाही वळला, ते उगाच नाही." गाडीखाली अमेयने बोटांनी पाईप आणि पट्टीमधलं अंतर मोजलं. मग आवाज आला, "मावशी, मी चार मसाले बदलले गं."

गुलाबभाऊ जमिनीवरच बसले. "हाई मनी चूक शे," ते अहिराणीत पुटपुटले. माझी चूक आहे. डोळे भरले होते त्यांचे. हसमुखभाईंनी पानाचा डबा उघडला, एक पान लावून त्यांच्यापुढे धरलं. "तारी नथी, भाई. में पण हाथ बतावीने कहेवुं जोइतुं हतुं." तुझी नाही, मीही हात दाखवून सांगायला हवं होतं, असं ते म्हणत होते. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

मग काम असं सुरू झालं की विचारू नका. पट्टीचा पाईपकडचा कोपरा तिरका कापला. भोकं खालच्या बाजूला पाडली, म्हणजे पट्टी वर चढली. पाईप आणि पट्टी यांच्यामधे माझी चार बोटं सहज जातील एवढी मोकळीक. हसमुखभाई म्हणाले, मी स्वतः येतो चढावर. सफारी घालून, वाळूच्या पोत्यांवर बसून.

दुधनीचा चढ पुन्हा तीनचारदा केला, ऊन कालच्याहून कडक. वर पोचल्यावर कोणी उतरायलाच तयार नाही. शेवटी मीच गेले, पट्टीवर हात ठेवला. कोमट होती. सरळ होती. इस्त्री केलेल्या पदरासारखी सरळ, आणि तीही जुनी, तिसऱ्या मसाल्यापेक्षाही आधीची, पहिल्या मसाल्याची. मी वळून काही बोलायच्या आत गुलाबभाऊंनी अमेयला उचलून धरलं होतं.

हसमुखभाईंनी परत आलेल्या सगळ्या पट्ट्या तशाच कापून द्यायला सांगितल्या, आणि पुढचा माल पाठवायला. जाताना मला तिथेच दुभाषी म्हणून ठेवून घ्यायला निघाले, म्हणाले, "बेन, तमे अहीं ज रही जाव. मने दुभाषियो जोइए छे." हे लगेच म्हणाले, "नको, घरी माझ्याशीसुद्धा हिचं एकाच भाषेत जमत नाही."

संध्याकाळी आम्ही शेडच्या दारात चहा घेत होतो. आत गुलाबभाऊ साच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहीत होते, "पाईपपाशी जागा सोड." त्याखाली त्यांनी शेठजींसारखे लांब धरलेले दोन पंजेसुद्धा काढले. मी ताईला फोन लावला, म्हटलं, "समजवलं. पण तो मला समजवून गेला." ताई बराच वेळ बोलली, आणि शेवटी विचारलं, जेवतो का नीट.

अमेय बाजूला जाऊन पुण्याच्या साहेबांशी बोलत होता. आनंदात तोही इथली भाषा बोलायला लागला होता. "हो सर... नाही सर... ती जागा आता खालीच राहू द्या सर."

मी चहाचा कप खाली ठेवला. "अरे, नीट सांग. खाली म्हटलंस तर तुझ्यासाठी राखून ठेवतील ते."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, गुलाबभाऊंकडे बघितलं, आणि फोनमधे साध्या मराठीत म्हणाला, "सर, मी येत नाहीये. मी इथेच राहतोय."